मावशीची विद्या, पोराची शाळा



गेल्या वर्षी भुईमूग निघाल्यावर आम्ही पाच-सहा जणी रोज संध्याकाळी एकीच्या ओसरीवर शेंगा फोडायला बसायचो. तिची भाची पुण्यात कॉलेजला आहे. ती सुट्टीला आली होती आणि कोपऱ्यात बसून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत होती. तिला म्हटलं, एकटीच काय वाचतेस, आम्हालाही सांग की. मग ती रोज एक तुकडा मराठीतून सांगायला लागली. आमचे हात शेंगांवर, कान तिच्याकडे. शेंगा आठ दिवसांत संपल्या, गोष्ट काही संपेना. मग ती पुण्याला गेल्यावर फोनवरून सांगत राहिली.

आजचं बोलणं त्या गोष्टीवर आहे. गोष्ट जादूची आहे, म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. आम्हालाही आधी पोरासोरांचं वाटलं होतं.

गोष्ट लिहिणाऱ्या बाई अमेरिकेच्या, उर्सुला ले ग्विन. जन्म १९२९, मृत्यू २०१८. त्यांनी एक दुनिया कल्पनेतून उभी केली, तिचं नाव अर्थसी. समुद्रात शेकडो बेटं, बेटांवर कोळी, शेतकरी, शेळ्या राखणारे. या दुनियेत जादू म्हणजे भाषा. दगड असो, पाणी असो, माणूस असो, प्रत्येकाला एक खरं नाव आहे. ते ज्याला ठाऊक, त्याची त्यावर सत्ता. आणि हे अंग जन्मतःच काहींना असतं, मुलग्यांना तसंच मुलींनाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिलं पुस्तक १९६८ सालचं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर एका तांबट-लोहाराचा पोर. आई तान्हेपणीच गेलेली. आईची बहीण गावात राहते, ती गावची जाणती. जडीबुटी, मंत्र, हरवलेली वस्तू शोधणं, मोडलेलं सांधणं, सगळं तिच्याकडे. हा पोरगा सात वर्षांचा असताना मावशीच्या तोंडचा मंत्र ऐकून जसाच्या तसा शेळ्यांवर म्हणतो. शेळ्या येतात ना! पण येतात त्या जातच नाहीत, त्याला चारी बाजूंनी दाबून धरतात. हा रडत-ओरडत शेळ्यांसकट गावात पळत येतो. मावशी एक शब्द टाकते आणि त्या सुटतात. तिला तिथेच कळतं, या पोरात काही आहे. ती त्याला स्वतःजवळची सगळी विद्या देते. पुढे त्या विद्येच्या जोरावर तो धुकं उभं करून गाव लुटारूंपासून वाचवतो. त्याचं नाव होतं, एक मोठा मांत्रिक येऊन त्याला शिष्य करून घेतो. मग तो रोक बेटावरच्या थोर शाळेत जातो आणि जगातला सर्वांत मोठा मांत्रिक होतो. त्याचं नाव गेड.

भाची इथवर आली तेव्हा आमच्यातली थोरली आजी म्हणाली, "आणि ती मावशी?"

भाचीने पानं पुढे उलटली, मागे उलटली. मावशी पुढे गोष्टीत जवळजवळ नाहीच. शिकवलं, आणि तिचं काम संपलं.

आजीचा तो प्रश्न आम्हाला सोडेना. मग या दुनियेत बायांचं कसं चालतं ते आम्ही भाचीला खोदून खोदून विचारलं. तर रोकच्या शाळेत नऊ गुरु, नऊही पुरुष. विद्यार्थी सगळे मुलगे. शिकून बाहेर पडला की हातात काठी मिळते, राजेरजवाडे मान देतात. मुलीला तेवढंच अंग असलं तरी तिने गावातल्या एखाद्या म्हातारीकडून जेवढं मिळेल तेवढं उचलायचं. बाळंतपणं करायची, जनावरांची दुखणी काढायची, फुटकी भांडी सांधायची. त्या दुनियेत बाईच्या जादूला दोन विशेषणं ठरलेली. एक तर ती दुबळी, नाहीतर ती वाईट. दुबळी असेल तर तिला घाबरायचं कशाला, हे कुणी विचारत नाही. आणखी एक. मांत्रिकाने बाईपासून लांब राहायचं, नाहीतर विद्या जाते. हे ऐकून आमच्यातली एक हसत म्हणाली, "म्हणजे तिकडंही विटाळ आहेच की."

आता लेखिकेचं बघा. त्या स्वतः बाई. १९६८, १९७१, १९७२ अशी तीन पुस्तकं लिहिली. दुसऱ्यात मुख्य मुलगी आहे, टेनार नावाची. लहानपणीच घरातून उचलून तिला देवस्थानची पुजारीण केलेलं असतं. पण शाळेचा कायदा तिन्ही पुस्तकांत जसाच्या तसा राहिला. शूरवीरांच्या जुन्या गोष्टींची रीतच तशी, पराक्रम पुरुषाचा, आणि आपणही न विचारता त्या रीतीने गेलो, हे ले ग्विन यांनी पुढे १९९२ साली ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानात उघड मांडलं. स्वतःच्या गाजलेल्या पुस्तकांबद्दल असं बोलायला धारिष्ट लागतं. आम्हाला गटाच्या वहीतली स्वतःची चूक चारचौघींत सांगताना घाम फुटतो.

तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षं गेली. १९९० साली चौथं आलं, त्याचं नाव ‘तेहानू’. यात टेनार मध्यमवयीन, शेतकऱ्याची विधवा. शेळ्या राखते, आणि भाजलेल्या, टाकून दिलेल्या एका पोरीला सांभाळते. शेजारी मॉस मावशी नावाची जाणती बाई आहे, केस विस्कटलेले, जिभेची तिखट. म्हणजे मावशी परत आली! आजी खूश झाली. या पुस्तकात रोकच्या शाळेला नवा मुख्य हवा असतो. त्यांच्यातल्या एका गुरुला दृष्टांत होतो, "गाँट बेटावर एक बाई." एवढंच. मग एक गुरु जहाजात बसून गाँटला येतो आणि टेनारलाच विचारतो, आम्हाला नव्या मुख्याचा पत्ता देईल अशी कोण बाई तुमच्याकडे आहे? ती बाईच कदाचित मुख्य असेल, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. विद्या एवढी अफाट, पण तेवढी एक खिडकी बंद.

पण आमच्या मते खरा इतिहास पुढच्या पुस्तकात आहे, २००१ सालच्या. त्यात ले ग्विन शेकडो वर्षं मागे जातात आणि सांगतात की ही शाळा मुळात कुणी काढली.

तो अंदाधुंदीचा काळ होता. मांत्रिक पैशाने विकले जात, माणसं गुलाम होत. पाऱ्याच्या एका खाणीत अनीब नावाची गुलाम मुलगी भट्टीवर राबते. पाऱ्याच्या वाफेने तिचं अंग सडलेलं, दात गळालेले. तिच्यातही ते अंग आहे. ती आपली शक्ती मेड्रा नावाच्या कैदी तरुणाला देते, म्हणून तो सुटतो. ती बाहेर उजेडात येऊन मरते. मेड्राला पुढे कळतं की बेटाबेटांवर साध्या बायांची एक गुप्त साखळी आहे. त्या एकमेकींना हाताच्या खुणेने ओळखतात, विद्या जपतात, अडलेल्याला लपवतात. या साखळीचा माग काढत तो रोकला पोचतो. तिथले बरेच पुरुष लढाईत मेलेले किंवा गुलाम म्हणून नेलेले. राहिलेल्या बायांनी बेट सांभाळलेलं. एंबर आणि तिची बहीण व्हेल या त्यांच्यातल्या पुढारी. त्या बाया आणि मेड्रा मिळून शाळा काढतात. मुलगे, मुली, ज्याला अंग आहे त्याला शिकवायचं. मेड्रा म्हणतो, मी दारावर बसतो. पहिला दारवान तो.

मग शाळेला नाव मिळालं, सत्ता आली. शाळेचा पहिला महामांत्रिक हॅल्केल, त्याच्या काळात बायांना शाळेतून बाहेर काढलं. म्हणजे हा निसर्गाचा नियम नव्हता. एका माणसाने, एका काळात केलेला नियम होता. पुढच्या पिढ्यांना तो सूर्य उगवण्याइतका जुना वाटू लागला.

सर्वांत बोचरी गोष्ट पुढे आहे. या दुनियेत शाळेच्या जन्माची दुसरी एक कथा लोक सांगतात. ती अशी, की रोकवर पूर्वी एक काळी बाई राज्य करायची. टेकडीखालच्या गुहेत राहायची, दिवसाउजेडी बाहेर यायची नाही, लोकांना मंत्राने बांधून वाईट कामं करायला लावायची. मग पहिला महामांत्रिक आला, गुहा उघडली, तिला हरवलं आणि तिच्या जागी बसला.

आलं लक्षात? ज्या बायांनी शाळा बांधली त्यांचं नाव पुसलं, एवढ्यावर भागलं नाही. त्यांची गुहेतली चेटकीण केली.

त्या संध्याकाळी ओसरीवर कुणी बोललं नाही. फक्त शेंगांचा आवाज.

ही झाली कल्पनेची दुनिया. खऱ्या दुनियेत असं घडलं का, हे शोधायला आम्ही बी.ए.ची इतिहासाची पुस्तकं पुन्हा काढली, भाचीलाही कामाला लावलं.

फ्रान्समध्ये पॅरिस शहरात १३२२ साली एका बाईवर खटला झाला. जॅकोबा फेलिसी तिचं नाव. ती रोग्यांच्या घरी जायची, नाडी बघायची, लघवी तपासायची, औषध द्यायची. फिर्याद केली विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने. गुन्हा काय, तर परवाना नसताना उपचार केले. परवाना विद्यापीठ देणार, आणि विद्यापीठात बाईला प्रवेश नाही. साक्षीला रोगी आले. म्हणाले, मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकले, हिने आम्हाला बरं केलं. जॅकोबा म्हणाली, बाईला पुरुष वैद्यापुढे सगळं उघड सांगायला लाज वाटते, बाईला बाईच लागते. निकाल उलट लागला. हिने कितीही बरे केले असले तरी शिकलेला पुरुष त्याहून चांगलंच बरं करणार, हे धरूनच चालले ते. तिला ६० पौंड दंड झाला आणि धर्माबाहेर टाकलं गेलं.

यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी युरोपात चेटकिणींचे खटले वाढले. साधारण १४५० ते १७५० या काळात ४० ते ६० हजार माणसांना चेटूक केल्याच्या आरोपाखाली मारलं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात चारांतल्या तीन किंवा त्याहून जास्त बाया. आरोप तरी कसले? भांडण झालं आणि शेजारचं पोर आजारी पडलं. हिने बघितलं आणि गाय आटली. आरोप करणाऱ्यांत बायाही होत्या. ते आपण दडवायला नको.

पण त्याच काळात आइसलँड या थंड बेटावर बघा. तिथे सतराव्या शतकात या आरोपाखाली साधारण वीस जणांना जाळलं, आणि त्यात बाई फक्त एक. असं का? तर तिथे जादू म्हणजे लिहिलेली विद्या मानत. अक्षरं, खुणा, वह्या. आणि अक्षर पुरुषांकडे. म्हणजे जिथे जादू लिहिलेली तिथे ती पुरुषाची, जिथे ती चुलीशी, गोठ्याशी, बाळंतपणाशी तिथे ती बाईची. जन्माने कुणी चेटकीण नाही. काम कुणाकडे, त्यावर सगळं ठरलं.

आपल्याकडे येऊ. आपली भाषाच बघा. पुरुषाला आपण मांत्रिक म्हणतो, भगत म्हणतो, देवऋषी म्हणतो, जाणता म्हणतो. नारळ घेऊन त्याच्या दारात जातो. तेच अंग बाईच्या नावावर चिकटवलं की शब्द कोणते? चेटकीण. डाकीण. हडळ. आणि गावात डाकीण कोण, हे ठरवणार कोण, तर पुष्कळदा तो भगतच. सातपुड्याच्या पट्ट्यात आजही डाकीण ठरवून बायांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या येतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षं कायद्यासाठी झुंज दिली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचं दूध आटवते असं भासवून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. दूध आटवणं हे शब्द कायद्यात घालावे लागले, यावरून समजा.

आणि शाळेच्या दाराचं म्हणाल तर आपल्या नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पास झाल्या. पदवी हातात मिळाली १९२२ साली. तीस वर्षं! १९२० सालापर्यंत ऑक्सफर्ड बायांना पदवीच देत नव्हतं. शिका, परीक्षा द्या, पण काठी मागू नका.

आता जे सांगायचं ते जरा जड जातं.

आमच्या भागातल्या एका गावात, नाव घेत नाही, गटातल्या बारा जणींनी दूध संकलन सुरू केलं. प्रत्येकीने शंभर शंभर रुपये काढले. जागा म्हणजे एकीच्या गोठ्याची पडवी. पहाटे पाचला माप, मग दोघी कॅन डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत. गावातल्या पुरुषांनी तेव्हा चेष्टा केली. हिशेब ठेवायची ती नववी शिकलेली, नवरा वारलेला, दोन पोरं. तिच्या वहीत एका रुपयाचा घोळ कधी सापडला नाही.

दूध वाढलं. थंड करायचं मशीन आलं, संस्था नोंदवायची वेळ आली. सभासद व्हायला जनावर नावावर हवं, आणि जनावरं नवऱ्यांच्या नावावर. कुणी कट केला असं नाही. कागदं भरता भरता बाया गळाल्या. आज दारावरच्या पाटीवर सगळी पुरुषांची नावं आहेत, शिवाय राखीव जागेवरच्या एक बाई, त्यांच्या जागी मुलगा बैठकीला बसतो. वर्धापनदिनाला ‘संस्थापक’ म्हणून हार पडला तो पहिल्या चेअरमनना.

हिशेबाची वही मात्र तिने दिली नाही. मागितली तर म्हणाली, बारा जणींसमोर देते. त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. तिचा हात लागला की दूध नासतं. तिची नजर चांगली नाही. ती अमक्याच्या दारावरून गेली आणि त्याची म्हैस आटली. तिच्याशी जिने माप धरलं होतं, तिनेही पोरांना तिच्या दारात जाऊ देईनासं केलं.

आम्ही सहयोगिनी तेव्हा काय केलं? तिला समजावलं, देऊन टाक वही, वाद नको. आम्हाला वाटलं आम्ही गावात शांतता राखली. कायदा आम्हाला माहीत होता. प्रशिक्षणात आम्हीच तो बायांना वाचून दाखवला होता.

काळ्या बाईची गोष्ट फोनवर ऐकली त्याच आठवड्यात आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. ती आधी बोललीच नाही. चहा ठेवला. आम्ही म्हटलं, आमचं चुकलं. ती म्हणाली, "उशीर केलात." मग धान्याच्या कणगीमागून एक पत्र्याचा डबा काढला, त्यातून वही.

ग्रामसभेची तारीख लागली आहे. बाराही जणींच्या घरी आम्ही जाऊन आलो. नऊ जणी येते म्हणाल्या, एक माहेरी आहे, एक वारली. उरलेली, जिने पोरांना तिच्या दारात जाऊ दिलं नाही ती, अजून काही बोललेली नाही. वही सध्या तिच्याकडेच आहे, आम्ही फक्त पानांचे फोटो काढून घेतले. पहिल्या पानावर बारा नावं, पाच सह्या, सात अंगठे. दोन अंगठ्यांपुढे बाईचं नाव नाही, अमक्याची आई एवढंच लिहिलेलं. ती दोन नावं आता आम्ही विचारून भरली. खाली पहिल्या दिवशीचं दूध, साडेअकरा लिटर. त्याखाली तिच्या अक्षरात, ‘कॅन धुतला.’